डॉजबॉलसाठी घेतलेले शॉट क्लॉक: परभणीच्या मैदानांवरील एका हंगामाचा अनुभव

मागील हंगामात परभणीतील आम्ही पाच क्रीडाशिक्षकांनी वर्गणी काढून डॉजबॉलच्या आंतरशालेय सामन्यांसाठी एक इलेक्ट्रॉनिक शॉट क्लॉक, म्हणजे फेकीसाठी उरलेले सेकंद उलटे मोजून दाखवणारे घड्याळ, विकत घेतले आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत परभणी, सेलू व जिंतूर येथील मैदानांवर ते सातत्याने वापरले. वस्तू छत्रपती संभाजीनगरच्या एका क्रीडासाहित्याच्या दुकानातून आणली आणि तिच्यासाठी नऊ हजारांच्या आसपास रक्कम मोजली. दुकानाचे व उत्पादकाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे ज्या त्रुटी सांगणार आहे त्या या वर्गातील बहुतेक यंत्रांत थोड्याफार फरकाने आढळण्याचा संभव आहे. शिवाय आमची मुख्य तक्रार यंत्राच्या दर्जाबद्दल कमी आणि ते ज्या खेळासाठी घडवले आहे त्याबद्दल अधिक आहे.

खोक्यात सहा इंच उंचीचे तांबडे अंक दाखवणारा एक फलक, घडीची तिपाई, रिमोट, चार्जर आणि फलकातच बसवलेला भोंगा एवढे सामान मिळाले. बांधणी भक्कम आहे. सेलूला जाताना टेम्पोत तिपाई आडवी पडून फलक खाली आला, तरी काचेला तडासुद्धा गेला नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढची टीका एकांगी वाटणार नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी नियमाचा गाभा सांगणे आवश्यक आहे. सहा-सहा खेळाडूंचे दोन संघ मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात. फेकलेला चेंडू अंगाला लागला तर खेळाडू बाद होतो. तोच चेंडू समोरच्याने झेलला तर फेकणारा बाद होतो आणि झेलणाऱ्या संघाचा एक बाद गडी मैदानात परततो. आपली अप्पारप्पी शिस्तीत बसवली तर जे तयार होईल त्याच्या बरेच जवळ जाणारा हा खेळ आहे. चेंडू झेलला जाण्याची भीती असल्यामुळे आघाडीवर असलेल्या संघाला चेंडू जवळ धरून नुसते उभे राहणे सोयीचे वाटते, आणि तसे होऊ दिले तर सामना तिथेच थिजतो. म्हणून ज्या संघाकडे चेंडू अधिक आहेत त्याने ठरावीक अवधीत फेक केलीच पाहिजे, असे बंधन घालावे लागते. आमच्या नियमपत्रिकेत हा अवधी दहा सेकंदांचा आहे.

जागतिक डॉजबॉल महासंघाच्या स्पर्धांत फोमच्या चेंडूंचा प्रकार सहा चेंडूंनी आणि कापडी चेंडूंचा प्रकार पाच चेंडूंनी खेळला जातो. पाच ही विषम संख्या असल्यामुळे पाचही चेंडू कोणत्या ना कोणत्या बाजूला असले की एका संघाकडे ते अधिक असणारच. सहा चेंडूंत मात्र तीन-तीन अशी बरोबरी होते आणि मग बंधन कोणावर, हा प्रश्न उभा राहतो. आम्ही फोमच्या चेंडूंनी खेळवतो. बरोबरी झाल्यास ज्या संघाचे अधिक खेळाडू शिल्लक आहेत त्याच्यावर बंधन येते, आणि तीही संख्या सारखी असेल तर मुख्य पंच ज्या बाजूला हात करील त्या बाजूवर, असे आम्ही ठरवून घेतले आहे. या परीक्षणातील पुढचा बहुतेक मजकूर या ‘हात करण्या’भोवतीच फिरणार आहे.

यंत्र बास्केटबॉलसाठी बनवलेले आहे, हे रिमोट हातात घेताक्षणी कळते. त्यावर २४ आणि १४ अशा दोन ठळक कळा आहेत. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये नोव्हेंबर १९५० मध्ये एक सामना १९-१८ अशा हास्यास्पद गुणसंख्येने संपला, कारण एका संघाने चेंडू धरून ठेवण्याचेच धोरण स्वीकारले होते. त्या रखडपट्टीवर उपाय म्हणून १९५४ साली २४ सेकंदांचे घड्याळ आले. पुढे आंतरराष्ट्रीय नियमांत काही परिस्थितींसाठी १४ सेकंदांची फेरमांडणी, म्हणजे घड्याळ पुन्हा १४ वर लावण्याची तरतूद, आली. म्हणजे रोग डॉजबॉलचा आणि बास्केटबॉलचा एकच आहे. औषधही एकच चालेल, असे आम्हाला वाटले होते.

ते पूर्णपणे चालत नाही, आणि त्याचे कारण मला पहिल्याच दिवशी सहावीतल्या एका मुलाने सांगितले. सामना सुरू होता, फलकावर आकडे उतरत होते आणि हातात चेंडू धरलेला तो मुलगा माझ्याकडे पाहून ओरडला, “सर, हे टाइम आमचं हाय का त्यांचं?”

बास्केटबॉलमध्ये चेंडू एकच असतो. तो ज्याच्या हातात, घड्याळ त्याचे. कोणाला विचारावे लागत नाही. कबड्डीत चढाईचे तीस सेकंद चढाई करणाऱ्याचेच असतात. क्रिकेटमध्ये दोन षटकांच्या मध्ये साठ सेकंदांचे जे घड्याळ आता मैदानावर दाखवले जाते तेही क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघापुरतेच असते. डॉजबॉलमध्ये मात्र सहा चेंडू दोन्ही बाजूंना विखुरलेले असतात, त्यांतला एखादा मध्यरेषेवरून घरंगळत पलीकडे गेला की बंधन एका संघावरून दुसऱ्यावर सरकते, आणि हे एका मिनिटात पाच-सहा वेळाही घडू शकते. अशा खेळात किती सेकंद उरले हा दुसरा प्रश्न आहे; कोणाचे सेकंद चालू आहेत हा पहिला. आमचे यंत्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लख्ख देते. पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत त्यावर एखादा बाणही नाही, दोन रंगांचे दिवेही नाहीत.

त्यामुळे पहिल्या आठवड्यात यंत्राने गोंधळ कमी करण्याऐवजी वाढवला. पूर्वी केवळ स्टॉपवॉच आणि शिट्टी असताना मुले पंचाकडे पाहत असत. आता ती फलकाकडे पाहू लागली. आम्ही पंचही, आता यंत्र आहे म्हणून, हाताच्या खुणा करण्यात ढिले पडलो. एका सामन्यात तर दोन्ही संघांनी घड्याळ आपलेच समजून शेवटच्या क्षणी एकाच वेळी चेंडू फेकले आणि कोण आधी बाद झाले हे ठरवण्यात आमची पाच मिनिटे गेली.

त्यानंतर आम्ही एका संध्याकाळी मैदानावरच बसून खुणांची पद्धत नव्याने बसवली. अशा प्रकारचे घड्याळ घेणाऱ्या प्रत्येकाला ती उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून सविस्तर लिहितो. बंधन एखाद्या संघावर आले की मुख्य पंच त्या बाजूचा हात खांद्याच्या रेषेत आडवा करतो, तळहात उघडा ठेवतो आणि संघाचा रंग मोठ्याने उच्चारतो: “लाल, फेक!” घड्याळ चालवणाऱ्याने कळ दाबायची ती हा हात पाहून, स्वतः चेंडू मोजून नव्हे. सुरुवातीला मेजावरचा विद्यार्थी आपल्या हिशेबाने घड्याळ सुरू करत असे आणि पंचाचा हिशेब वेगळा निघाला की वाद होत असे. आता हात नाही तर घड्याळ नाही, असा दंडक आहे. बंधन सुटेपर्यंत पंच हात खाली घेत नाही. चेंडू फेकला गेला आणि संख्या पालटली की हात सरळ दुसऱ्या बाजूला जातो.

हात तसाच धरून ठेवण्याची कल्पना आम्हाला हँडबॉलवरून सुचली. त्या खेळात रटाळ, निष्क्रिय आक्रमणाविरुद्ध घड्याळ वापरत नाहीत; पंच नुसता हात वर करून इशारा देतो, आणि २०२२ च्या नियमबदलानंतर त्या इशाऱ्यापुढे आक्रमक संघाला जास्तीत जास्त चार पास मिळतात. दूरवर उभा असलेला खेळाडूही वर गेलेला हात पाहतो आणि काय ते समजतो. नऊ हजारांच्या फलकाला जे सांगता येत नाही ते एका हाताने सांगता येते, हे मान्य करताना वर्गणी देणाऱ्यांपैकी एक या नात्याने मला थोडे जड गेले.

शेवटच्या पाच सेकंदांसाठी वेगळी खूण हवी, हेही लवकरच लक्षात आले. मुख्य पंचाच्या तोंडात शिट्टी असते आणि शिट्टी तोंडात ठेवून मोजणी म्हणता येत नाही. शिट्टी काढून मोजावे तर ऐन वेळी ती पुन्हा तोंडापर्यंत नेण्यात उशीर होतो. म्हणून मोजणीचे काम आम्ही समोरच्या बाजूच्या दुसऱ्या पंचाकडे दिले. तो पाच बोटे पसरलेला हात डोक्यावर नेतो आणि दर सेकंदाला एक बोट मिटत “पाच, चार, तीन, दोन, एक” असे म्हणतो. दहापासून मोजणी म्हणण्याचा प्रयोगही करून पाहिला होता. पण दहा, नऊ, सहा या शब्दांना उच्चारायला आठ आणि सात यांच्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे घाईत मोजणाऱ्याची लय बिघडते. पाचपासून खालचे सगळे आकडे मात्र एका दमात, सारख्याच मापाने बाहेर पडतात. आणखी एक सोय अशी की आमच्या स्पर्धेत उर्दू माध्यमाच्या दोन शाळा उतरतात, आणि पाचपासून एकपर्यंतची मोजणी मराठीत म्हटली काय नि उर्दूत म्हटली काय, कानाला जवळजवळ सारखीच लागते. भाषांतर करावे लागत नाही.

बोटांच्या खुणेची खरी किंमत सेलूच्या सामन्यात कळली. एका संघात श्रवणयंत्र वापरणारा मुलगा होता आणि चेंडू लागून ते तुटेल या भीतीने खेळताना तो ते काढून शिक्षकांकडे देत असे. त्याच्यासाठी भोंगा आणि मोजणी दोन्ही निरुपयोगी होते. फलक त्याच्या पाठीमागे होता, कारण फलकाला एकच तोंड आहे आणि मैदानाच्या दोन बाजू आहेत. तो मुलगा संपूर्ण सामना दुसऱ्या पंचाच्या हाताकडे डोळा ठेवून खेळला आणि एकदाही वेळेच्या बंधनात सापडला नाही.

आता यंत्राच्या एका दोषाविषयी, जो बारीक आहे परंतु ज्याने आमचा एक उपांत्य सामना जवळजवळ नासवला. फलकावर पूर्ण सेकंदच दिसतात, दशांश दिसत नाहीत. दहावर लावून कळ दाबली की दहा हा आकडा डोळ्याला दिसतो न दिसतो तोच नऊ येतो. म्हणजे यंत्र उरलेल्या वेळेतील अपूर्णांक टाकून देते. त्याचा परिणाम असा की शेवटी फलकावर शून्य दिसू लागते तेव्हाही जवळजवळ एक पूर्ण सेकंद शिल्लक असतो आणि भोंगा त्यानंतर वाजतो. मी मोबाइलवर चित्रीकरण करून पडताळले: सेकंदाला तीस चौकटी या वेगाने घेतलेल्या चित्रफितीत शून्य दिसल्यापासून भोंग्यापर्यंत एकोणतीस चौकटी मोजल्या. उपांत्य सामन्यात जिंतूरच्या मुलीने शून्य दिसत असताना, परंतु भोंग्यापूर्वी, चेंडू फेकला आणि समोरची खेळाडू बाद झाली. समोरच्या संघाचे शिक्षक फलकाकडे बोट दाखवत मेजापाशी आले. त्यांच्या डोळ्यांनी शून्य पाहिले होते, त्यात खोटे काहीच नव्हते. माझ्या कानांनी भोंगा नंतर ऐकला होता, तेही खरे होते.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलच्या वरच्या पातळीवर शेवटच्या पाच सेकंदांत दशांश दाखवणारे फलक वापरतात, ते का, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजले. आम्ही नियमपत्रिकेत एक वाक्य वाढवले: वेळ भोंग्याने संपते, आकड्याने नव्हे, आणि भोंगा सुरू होताना चेंडू हातातून सुटलेला असला पाहिजे. मोजणी करणाऱ्यालाही फलकावरील आकडाच म्हणायला सांगितले, कारण तो स्वतःच्या स्टॉपवॉचवर नेमके पाच सेकंद उरल्यावर “पाच” म्हणू लागला तर नेमके त्याच क्षणी फलकावर चार दिसू लागतात. “एक” म्हटल्यानंतरच्या त्या रिकाम्या सेकंदात तो मूठ मिटून हात वरच ठेवतो. मिटलेली मूठ म्हणजे अजून वेळ आहे, पण उरलेली नाहीच असे समजा, हे मुलांनी दोन दिवसांत आत्मसात केले. मोठ्यांना थोडे जास्त दिवस लागले.

उन्हाविषयी वेगळे सांगायला नको. मराठवाड्यातील दुपार नोव्हेंबरातसुद्धा उजेडाची कंजुषी करत नाही, आणि अकरा ते तीन या वेळेत तांबडे अंक मैदानाच्या पलीकडच्या टोकावरून वाचता येत नाहीत. व्हॉलीबॉलच्या १८ बाय ९ मीटरच्या आखणीवर आम्ही खेळवतो, म्हणजे अंतर फारसे नाही. तरीही फलकावर पुठ्ठ्याची झापड बसवावी लागली. झापडीने समोरून वाचणे सुधारले आणि बाजूने वाचणे बिघडले. बंदिस्त सभागृहात हेच अंक अत्यंत स्पष्ट दिसतात.

भोंगा मोठा आहे आणि त्याचा आवाज कमी करण्याची सोय नाही. शेजारच्या मैदानावर व्हॉलीबॉल सुरू असताना आमच्या भोंग्यावर तिथला खेळ दोनदा थांबला. म्हणून भोंगा वाजताच मुख्य पंचाने एक लांब शिट्टी द्यायची आणि आडवा हात खाली आणायचा, असे जोडून टाकले; आमच्या खेळाडूंनी शिट्टी ऐकली म्हणजे निर्णय, नुसता भोंगा ऐकला म्हणजे वेळ संपल्याची खबर.

रिमोट हा सर्वात कमकुवत भाग आहे. २४ आणि १४ साठी एक कळ पुरते, पण दहा सेकंद हे ‘इतर वेळ’ या सदरात जाऊन लावावे लागतात, आणि नव्याने सुरू करायला थांबवा, मागे न्या, चालू करा अशा तीन कळा लागतात. बास्केटबॉलमध्ये चालून जाईल. मिनिटात पाच-सहा वेळा बंधन पालटणाऱ्या खेळात मेजावरच्या मुलाचा अंगठा मागे पडतो आणि दीड-दोन सेकंद तिथेच खर्च होतात. याहून वाईट म्हणजे यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले की दहा विसरून २४ वर जाते. आतली बॅटरी सहा तास चालेल असे सांगण्यात आले होते; आम्हाला चार तासांच्या आसपास मिळाले. एका उपउपांत्य सामन्यात बॅटरी संपली, शेजारच्या वर्गखोलीतून वायर ओढून यंत्र पुन्हा सुरू केले आणि घाईत कोणाच्याच लक्षात न आल्यामुळे निळ्या संघाला फेकीसाठी चोवीस सेकंद मिळाले. मोजणी करणारा पंच पाचच्या आकड्याची वाट पाहत हात वर करून उभा होता. त्या संघाने तेवढ्यात शांतपणे नेम धरून दोन गडी टिपले. ती फेरी पुन्हा खेळवावी लागली आणि निळ्या संघाची नाराजी मी आजही न्याय्य मानतो.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल मात्र समाधान आहे. जानेवारीत रिमोटची एक कळ अडकू लागली तेव्हा दुकानदारांनी फोनवर फारशी उलटतपासणी न करता नवा रिमोट एस.टी.च्या पार्सलने पाठवला, जरी तो पोहोचायला तीन आठवडे लागले. दहा सेकंद लक्षात ठेवण्याची सोय या मॉडेलमध्ये नाही आणि ती नंतर बसवता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. विकत घेण्यापूर्वी आम्ही हा प्रश्न विचारला नव्हता, हा दोष आमचा.

मग हे यंत्र घ्यावे का? बंदिस्त सभागृह असेल, दोन प्रशिक्षित पंच आणि मेजावर एक तल्लख विद्यार्थी असेल, तर घ्यावे. शेवटच्या सेकंदांवरचे वाद निश्चितपणे कमी होतात. उघड्या मैदानावर दुपारी सामने होत असतील आणि पंच एकच असेल, तर त्या रकमेत चांगले चेंडू घ्यावेत आणि पंचाला हाताच्या खुणा पक्क्या शिकवाव्यात. कबड्डीत चढाईपटूच्या ‘कबड्डी कबड्डी’च्या उच्चारातच पूर्वापार वेळेचे बंधन सांभाळलेले आहे, श्वास तुटला की मुदत संपली, हे प्रेक्षकालाही वेगळे सांगावे लागत नाही. डॉजबॉलमध्ये तशी अंगभूत खूण नाही, म्हणून ती पंचाला आपल्या हाताने आणि आवाजाने निर्माण करावी लागते, आणि घड्याळ त्याला फक्त साथ देऊ शकते. ज्यांना घ्यायचेच आहे त्यांनी दुकानात यंत्र चालू करून तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात: बंद करून सुरू केल्यावर वेळ टिकते का, एका कळीने फेरमांडणी होते का, आणि शून्य व भोंगा एकाच क्षणी येतात का.

आम्ही आमचे यंत्र विकणार नाही. येत्या हंगामासाठी फलकाच्या डाव्या आणि उजव्या कडेला लाल व निळ्या कापडाची एकेक पट्टी दोरीने अडकवली आहे. बंधन ज्या संघावर येईल त्याची पट्टी फलकाजवळ बसलेला मुलगा वर ओढून धरतो. रिमोटवरील २४ आणि १४ या कळांवर मी औषधाच्या दुकानातून आणलेली पांढरी चिकटपट्टी लावली आहे आणि तिच्यावर बॉलपेनने दोन्हीकडे ‘नको’ असे लिहून ठेवले आहे.